डावं धरलं तरी तेच, उजवं धरलं तरी तेच

टेबलावर दोन पाकिटं आहेत. डावं शेवटपर्यंत टिकलं पाहिजे, कारण भाकिताशी जुळणारी चिठ्ठी त्यात आहे. मनकवडा तुम्हाला म्हणतो, "एकावर हात ठेवा." तुम्ही डाव्यावर ठेवलात, तर तो म्हणतो, "छान, ते सांभाळा," आणि दुसरं फाडतो. उजव्यावर ठेवलात, तर तितक्याच शांतपणे म्हणतो, "छान, आता ते फाडून टाका." उरतं डावंच, आणि घरी जाऊन तुम्ही सांगता की पाकीट मी निवडलं.

या युक्तीला 'मॅजिशियन्स चॉइस', म्हणजे जादूगाराची निवड म्हणतात. धंद्यातले लोक 'इक्विव्होक' म्हणतात. तो मूळ फ्रेंच शब्द, अर्थ द्व्यर्थी. आपल्याला 'नरो वा कुंजरो वा' आठवणं साहजिक आहे, पण एक फरक आहे. तिथे वाक्य पूर्ण होतं, फक्त सोयीचा भाग मोठ्याने बोलला गेला. इथे वाक्य बोलताना त्याला अर्थच नसतो. तुमचा हात पडल्यावर जादूगार तो अर्थ ठरवतो. मराठीत तर याची उत्तम सोय आहे. 'दोन पत्ते काढा' म्हणजे वापरायला काढा की खेळातून काढून टाका? 'काढा' दोन्ही बाजूंनी चालतं.

प्रेक्षकाला कळू न देता हवी तीच वस्तू त्याच्या गळ्यात मारणं, म्हणजे 'फोर्स' करणं, ही जादूच्या धंद्यातली जुनी गोष्ट. चेटकिणी म्हणून पकडलेल्या लोकांकडे कसलीही अमानवी शक्ती नसते, हे पटवण्यासाठी रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रजाने १५८४ साली ग्रंथ लिहिला आणि त्यात हातचलाखीचे प्रयोगही उलगडून दाखवले. त्यात एक प्रयोग असा : तीन पत्ते मांडायचे, समोरच्याला मनात एक धरायला सांगायचं आणि त्याच्या नजरेवरून तो ओळखायचा. यात शब्दांचा फास नाही, पण पर्याय मोजकेच ठेवायचे हे शहाणपण मात्र आहे.

शब्दांचा फास एकोणिसाव्या शतकात चांगलाच रुळला. त्याचं सर्वांत भाबडं रूप म्हणजे 'उजवं की डावं?' जादूगार प्रेक्षकाकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याचं उजवं ते समोरच्याचं डावं. उत्तर काहीही येवो, 'माझं' की 'तुमचं' हे नंतर ठरवायचं. १८७६ साली 'प्रोफेसर हॉफमन' या टोपणनावाने एका इंग्रज बॅरिस्टरने 'मॉडर्न मॅजिक' हे जाडजूड पुस्तक लिहिलं आणि रंगमंचावरची गुपितं सामान्य वाचकाच्या हाती पडली. (शब्दांचा कीस काढणाऱ्या माणसाने हे लिहावं, यात मला गंमत वाटते.) अशी पुस्तकं वाचलेल्या प्रेक्षकापुढे 'उजवं की डावं' विचारणं म्हणजे हसं करून घेणंच.

तरी युक्ती मेली नाही, कारण मेंटॅलिझमला, म्हणजे मन वाचल्याचा आव आणणाऱ्या जादूला, तिची गरज होती. पत्त्यांचा जादूगार पंखा धरून हवा तो पत्ता नेमक्या क्षणी बोटांखाली सरकवू शकतो. बोटं चपळ आहेत हे प्रेक्षकाला दिसलं तरी त्याचं काही बिघडत नाही, उलट टाळ्या मिळतात. मनकवड्याला ते परवडत नाही. बोटं हुशार दिसली की मन वाचण्याचा आव तिथेच संपला. शिवाय त्याच्यापुढे किल्ल्या, पाकिटं, अंगठ्या, नावं असं काहीही असतं, आणि अंगठ्यांचा काही पंखा होत नाही. त्याला हाताबाहेरचा फोर्स हवा होता. अमेरिकेतल्या थिओडोर ॲनेमनने १९३३ साली फोर्सच्या तब्बल २०२ पद्धतींची पुस्तिका काढली आणि पुढच्याच वर्षी 'द जिंक्स' हे नियतकालिक सुरू केलं. मेंटॅलिझम स्वतंत्र शाखा म्हणून उभं राहण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

पण खरं वळण माझ्या मते १९७६चं. फिल गोल्डस्टीन, म्हणजे रंगमंचावरचा मॅक्स मेव्हन, याने 'व्हर्बल कंट्रोल' ही पुस्तिका फक्त या एका तंत्रावर लिहिली. तोवर इक्विव्होक म्हणजे अडचणीत वापरायची पळवाट, असा अनेकांचा समज होता. आता ती बारकाईने अभ्यासायची गोष्ट झाली.

दुखणं कुठे होतं, तर दुसऱ्या फेरीत. चार वस्तूंपैकी दोन दाखवायला सांगितल्या आणि दाखवलेल्या ठेवल्या. मग त्या ठेवलेल्या दोनपैकी एक दाखवायला सांगितली आणि दाखवलेली टाकली. इथे प्रेक्षकाच्या कपाळावर आठी पडते, कारण कृती तीच आणि फळ उलटं. म्हणून मुरलेला कलाकार क्रियापद बदलतो. आधी 'दोन पुढे सरकवा', नंतर 'एक माझ्या हातात द्या'. कृतीच वेगळी, त्यामुळे तुलना करायला जागा राहत नाही. 'कोणती हवी?' असा प्रश्न तर तो चुकूनही विचारत नाही. हवी म्हटलेली वस्तू मग फेकता येत नाही. आणि उत्तर आल्यावर अडखळायचं नाही. शब्द पाठ असलेले बरेच लोक नेमके इथे आपटतात, वाईट बाजूचं उत्तर आलं की अर्धा श्वास जास्त घेतात.

इंग्लंडच्या रॉय बेकरने ही कटकटच मिटवली. त्याच्या 'पेटिओ' पद्धतीत एकाने दोन वस्तू उचलायच्या आणि दुसऱ्याने त्यातली एक बाद करायची, आळीपाळीने. नियम उघड असतो आणि शेवटपर्यंत बदलत नाही. जी वस्तू शेवटी उरायला हवी, ती जादूगार आपल्या पाळीला उचलत नाही, आणि प्रेक्षकाने ती उचललीच तर तिच्या जोडीची बाद करतो. वस्तू सम असतील तर पहिली उचल प्रेक्षकाची, विषम असतील तर जादूगाराची. म्हणजे शेवटच्या दोन उरतात तेव्हा बाद करणं जादूगाराकडेच येतं. यात द्व्यर्थी शब्द एकही नाही.

मानसशास्त्रज्ञ या वाटेला उशिराच आले. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमध्ये ॲलिस पैयेस, गुस्ताव कुन आणि सहकाऱ्यांनी इक्विव्होकचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. सूचनांमधली विसंगती लोकांच्या लक्षात येत नव्हती आणि शेवटचा पत्ता आपणच ठरवला असं त्यांना वाटत होतं. त्याआधी, २००५ साली, स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या पेटर योहान्सन आणि लार्स हॉल यांनी वेगळ्या वाटेने असंच काही दाखवलं होतं. दोन चेहऱ्यांच्या फोटोंपैकी जास्त आवडलेला निवडायला सांगायचा, आणि कधीकधी जादूगाराच्या हातचलाखीने बदलून नाकारलेलाच फोटो हातात द्यायचा. बहुतेक वेळा बदल कुणाला कळला नाही. 'हाच कशामुळे निवडलात?' असं विचारल्यावर लोक कारणंही देत. एकाने सांगितलं, मला कानातली आवडतात. त्याने खरोखर निवडलेल्या बाईच्या कानात काहीच नव्हतं.