व्यक्तिमत्त्वप्रकार आणि विद्यार्थ्यांची स्वओळख

आपला स्वभाव कसा आहे, कोणत्या कामात आपला हात सहज चालतो आणि आपल्याहून निराळ्या स्वभावाच्या माणसांशी कसे जुळवून घ्यावे, हे विद्यार्थ्याला उमगावे म्हणून योजलेला शैक्षणिक मार्गदर्शनाचा भाग. समुपदेशन, करिअर मार्गदर्शन आणि जीवनकौशल्यांचे वर्ग अशा तिन्ही ठिकाणी तो आढळतो. बहुतेक वेळा त्याची सुरुवात एखाद्या प्रश्नावलीने होते आणि दुर्दैवाने पुष्कळदा शेवटही तिथेच होतो.

स्वभावावरून माणसांचे गट पाडण्याची हौस जुनी आहे. ग्रीक वैद्यकातील चार देहद्रवांच्या कल्पनेवरून उत्साही, तापट, उदास आणि संथ असे चार स्वभाव गेलेन (इ. स. दुसरे शतक) याच्या परंपरेत रूढ झाले. भारतीय परंपरेत सत्त्व, रज, तम या त्रिगुणांवरून स्वभावाचे वर्णन होत आले. स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग याने १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख असे दोन कल सविस्तर मांडले. त्याच्या मांडणीचा आधार घेऊन अमेरिकेतील कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी परस्परविरुद्ध कलांच्या चार जोड्या आणि त्यांतून निघणारे सोळा प्रकार सांगणारी प्रश्नावली रचली. दोघींचेही मानसशास्त्रातील औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. तरी आज सर्वांत जास्त भरली जाणारी प्रश्नावली बहुधा तिचीच कुठली तरी आवृत्ती असते.

संशोधकांनी मात्र वेगळी वाट धरली. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसांचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचून काढले. पुढे रेमंड कॅटेल आणि इतरांनी घटक-विश्लेषण या सांख्यिकी पद्धतीने अशा शब्दांची छाननी केली. कोणते गुण एकत्र आढळतात हे पाहता पाहता पाच मोठे गुणविशेष हाती आले: अनुभवांविषयीचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता. यांत ‘प्रकार’ नाहीत, मात्रा आहेत. प्रत्येक माणसात पाचही असतात, कमी-अधिक इतकेच.

हा फरक विद्यार्थ्यांपर्यंत क्वचितच पोहोचतो, आणि खरी मेख इथेच आहे. बहिर्मुखतेच्या मापनात तिघांना शंभरपैकी ४८, ५२ आणि ९० गुण मिळाले असे समजा. मधोमध रेघ मारली की पहिला अंतर्मुख ठरतो आणि उरलेले दोघे बहिर्मुख. प्रत्यक्षात पहिले दोघे जवळजवळ सारखे आहेत. वेगळा आहे तो तिसरा. उंचीप्रमाणेच या गुणांतही बहुसंख्य माणसे मध्याच्या आसपास असतात. त्यामुळे काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली की अनेकांचा ‘प्रकार’ बदलतो. स्वभाव तोच असतो, एक-दोन उत्तरे इकडची तिकडे झालेली असतात.

तरीही निकाल वाचून ‘अगदी मीच!’ असे वाटते. या भावनेवर फार विसंबू नये. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘त्याचे’ स्वभाववर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्या वर्णनाला अचूकतेसाठी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता, आणि त्यातील वाक्ये मुख्यतः ज्योतिषावरील एका पुस्तकातून घेतली होती. हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. विद्यार्थी खजील होतात, हसतात, आणि त्या तासात जे शिकतात ते सोळा प्रकारांच्या तक्त्यातून शिकता येत नाही.

वयाचा मुद्दाही आहे. ब्रेंट रॉबर्ट्स आणि वेंडी डेलव्हेकियो यांनी २००० मध्ये अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले. आधीच्या आणि नंतरच्या मापनांतील सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच संबंध नाही) बालपणी ०.३१, महाविद्यालयीन वयात ०.५४ आणि पन्नाशीनंतर ०.७४ च्या घरात आढळला. शाळकरी मुलाचा स्वभाव अजून घडत असतो. ‘तू अंतर्मुख आहेस’ हे वाक्य बाराव्या वर्षी कानावर पडले, तर ते वर्णन न राहता व्यासपीठ टाळण्याची परवानगी होऊन बसते.

बलस्थानांच्या बाबतीत ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिग्मन यांनी २००४ मध्ये मांडलेली २४ चारित्र्यगुणांची यादी शाळांत बरीच वापरली जाते. जिज्ञासा, चिकाटी, न्यायबुद्धी, विनोदबुद्धी असे गुण तीत येतात. यादीचा उपयोग शब्द पुरवण्यापुरता. ‘माझ्यात चिकाटी आहे’ असे लिहून घेण्याऐवजी ‘गणित सुटेना तेव्हा तू नेमके काय केलेस?’ असे विचारले की पुरावा पुढे येतो. कोणी उदाहरण पुन्हा वाचलेले असते, कोणी मैत्रिणीला गाठलेले असते, कोणी सरळ वही मिटलेली असते. यातून निघालेले बलस्थान विद्यार्थ्याला पटते, कारण ते त्याच्या स्वतःच्या कृतीतून आलेले असते.

स्वतःचे सगळेच स्वतःला दिसत नाही. सिमीन वझीरे यांच्या २०१० मधील अभ्यासानुसार चिंतेसारख्या आतल्या गोष्टी माणूस स्वतः अधिक अचूक सांगतो. बुद्धिमत्ता किंवा सर्जनशीलता यांसारख्या, स्वाभिमानाशी जोडलेल्या बाबतीत मित्रांचा अंदाज अधिक बरोबर ठरतो. म्हणून चांगल्या उपक्रमात सोबत्यांचे मत घेतात, तेही विशेषणांऐवजी पाहिलेल्या प्रसंगांच्या रूपात.

भिन्न स्वभावांची जाण खरी कसाला लागते ती गटप्रकल्पात. एक जण बोलत बोलत विचार करतो, दुसरीला आधी कागदावर मांडल्याशिवाय सुचत नाही. पहिल्याला दुसरी थंड वाटते, दुसरीला पहिला उथळ. चर्चेआधी दोन मिनिटे प्रत्येकाने लिहायचे, एवढा नियम केला तरी तक्रार बरीच निवळते. अमेरिकन शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी दाखवून दिले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात. हा विराम तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात. म्हणजे ज्याला आपण स्वभाव म्हणतो, त्यात वर्गाच्या रीतीचाही वाटा असतो.

या विषयात काही कल्पनांची सरमिसळ होते. ‘दृश्य’, ‘श्राव्य’ अशा अध्ययनशैलींनुसार शिकवल्यास अधिक समजते, या समजुतीला २००८ च्या हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात पुरेसा आधार सापडला नाही. करिअर मार्गदर्शनात वापरले जाणारे, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांचे सहा व्यवसायकल मुख्यतः आवडीचे मापन करतात, क्षमतेचे नव्हे. परीक्षेतील यशाशी पाच गुणविशेषांपैकी सर्वांत ठळक संबंध कर्तव्यदक्षतेचा आढळतो. ती काही अंशी सवयींतून वाढवता येते, त्यामुळे शिक्षकांच्या दृष्टीने हा गुण विशेष कामाचा.

प्रश्नावलीच्या निकालावरून शाखा ठरवणे, गटनेता निवडणे किंवा प्रवेश नाकारणे अयोग्य मानले जाते. मायर्स-ब्रिग्ज प्रश्नावलीचे प्रकाशकही ती नोकरभरतीसाठी वापरू नये असे बजावतात. निकाल वर्गात वाचून दाखवू नये, तो कोणाला सांगायचा हे विद्यार्थ्याने ठरवावे. अबोलपणा पहिल्यापासून होता की गेल्या काही आठवड्यांत आला, हेही पाहावे लागते. बोलके मूल अचानक मिटून गेले, झोप-भूक बिघडली, तर त्याला ‘अंतर्मुख’ म्हणून सोडून न देता समुपदेशकाकडे न्यावे.