कीर्तनातला दृष्टांत आणि कायद्यातली ‘जाहिरात’

जिथे कीर्तन करावे तिथे जेवू नये, बुक्का लावून घेऊ नये, बैलाला वैरण मागू नये, हा वारकऱ्यांचा दंडक सतराव्या शतकातल्या अभंगातला. त्याआधी पैठणच्या भारुडात विंचू चावतो, पण अंगारा मांत्रिकाचा नाही, सत्त्वगुणाचा लावायचा. मराठवाड्यात निजामी राजवटीत सभेला परवानगी लागे. मग जे बोलायचे ते कीर्तनात नाहीतर गणपतीच्या मेळ्यात.

आता बिदागी आगाऊ ठरते, त्यावर फार कोणी भांडत नाही. भांडण पेटले ते एका वाक्यावरून. फेब्रुवारी 2020 मध्ये शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या एका कीर्तनकारांचा व्हिडिओ फिरला: सम तारखेला संग झाल्यास मुलगा, विषमला मुलगी. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी तक्रार गर्भलिंगनिदान कायद्याच्या कलम 22 खाली गेली. हे कलम जाहिरातीचे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड.

पण कीर्तन ही जाहिरात कशी? बोलणारा सोनोग्राफी सेंटर चालवत नाही, काही विकत नाही; ग्रंथात आहे ते सांगितले, असे समर्थक म्हणतात. कलमातली व्याख्या मात्र ऐसपैस आहे. पत्रक, फलक, रंगवलेली भिंत तर आहेच. दिवे, आवाज, धूर आणि वायूसुद्धा! संगमनेरच्या न्यायालयाने खटला चालवायचे ठरवले, सत्र न्यायालयाने 2021 मध्ये तो आदेश रद्द केला, जून 2023 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पुन्हा कायम केला. याने गुन्हा शाबीत झाला असे नव्हे. खटला चालणार, एवढेच.

ज्यांना हा नुसता विनोद वाटतो त्यांनी बीडचा आकडा पाहावा. 2011 च्या जनगणनेत तिथे सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली 807. सप्ताहाच्या मांडवात बायकांच्या बाजूला नुकती लग्न झालेली सून सासूशेजारी बसलेली असते. दृष्टांतावर पुरुष हसतात, टाळकरी हसतात, ती पदर सारखा करते. शिवाय मृदंगाजवळ स्टँडवर मोबाइल लावलेला असतो. त्यातून चाळीस सेकंदांचा तुकडा बाहेर पडतो, अभंग मांडवातच राहतो.

2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कीर्तन-प्रवचनाला स्पष्ट सूट दिली आहे. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यात कीर्तन हा शब्दच नाही.