चौकोनी दांड्याच्या रेझोनेटर गिटारचे जुने कॅपो: पार्श्वभूमी आणि डागडुजी

कॅपो म्हणजे सगळ्या तारा एकदम आवळून गिटारची स्वरपट्टी चढवणारा चिमटा. साध्या गिटारचा कॅपो तारा फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, दाबून धरतो. अमेरिकेत जेम्स अ‍ॅशबॉर्न यांनी १८५० मध्ये पेटंट घेतलेल्या कॅपोपासून आजच्या स्प्रिंगच्या चिमट्यापर्यंत काम तेच आहे, आणि गोल दांड्याच्या रेझोनेटर गिटारलाही (जिचा आवाज आतल्या धातूच्या कोनांनी मोठा होतो) तो चालतो. चौकोनी दांड्याची गिटार मात्र मांडीवर आडवी ठेवून पोलादी बारने वाजवतात. तिच्या तारा फिंगरबोर्डपासून १० ते १२ मिमी वर असतात. त्या फ्रेटपर्यंत दाबायच्या म्हटल्या तर सूर भलताच चढेल, पातळ तार तुटेलही. म्हणून तिचा कॅपो फिंगरबोर्डला टेकतच नाही. एक दांडी तारांच्या वर, एक खाली, मध्ये आवळायचा स्क्रू. सगळा जुडगा तारांवरच लटकलेला.

त्याची गरज पडली तीही उशिरा. जॉन डोपेरा यांची तीन कोनांची धातूची गिटार लॉस एंजेलिसच्या नॅशनल कंपनीने १९२७ मध्ये आणली. १९२८ मध्ये डोपेरा बंधूंनी डोब्रो कंपनी काढली. तेव्हा हवाईयन वादनाचा जोर होता. त्यात बार सरकवला की हवी ती स्वरपट्टी मिळे, मोकळ्या तारांवर फारसे काही अडत नसे. १९५५ मध्ये जॉश ग्रेव्हज फ्लॅट आणि स्क्रग्ज यांच्या ब्लूग्रास (अमेरिकी लोकसंगीताचा एक प्रकार) संचात आले आणि बँजोचे तीन बोटांचे रोल (तारा ओळीने छेडायची ठरावीक आवर्तने) त्यांनी डोब्रोवर, म्हणजे याच रेझोनेटर गिटारवर, वाजवले. हे रोल, हॅमर-ऑन, पुल-ऑफ (वाजत्या तारेवर बार आपटून किंवा ओढून काढून पुढचा स्वर काढणे) हे सगळे मोकळ्या तारांवर उभे असते. जी-बी-डी-जी-बी-डी अशा लावणीत जी, म्हणजे आपली पांढरी पाच, सहज वाजते. गायकाने पांढरी सहा किंवा सात मागितली की दुसऱ्या किंवा चौथ्या फ्रेटवर सरकता नट, म्हणजे वाजत्या तारेचे टोक ठरवणारा कॅपो, हवाच.

बाजार इतका लहान होता की हे कॅपो बहुतेक छोट्या लेथवर, हाताने, थोडेथोडे बनले. त्यामुळे मापे एकसारखी नाहीत आणि तयार सुटे भाग क्वचितच मिळतात. दुरुस्तीला घेण्याआधी स्क्रू कुठे आहे ते पाहावे. दोन टोकांना दोन स्क्रू असतील तर जास्त आवळून खालची पट्टी मध्ये वाकते आणि तिसरी-चौथी तार ढिली राहून झणझणते. एकच स्क्रू मध्ये असेल तर टोके उघडतात, पहिली आणि सहावी तार झणझणते. म्हणजे झणझण कोणत्या तारेवर आहे, त्यावरून बिघाड कुठे आहे ते कळते. पट्टीवर स्टीलची सरळ फूटपट्टी ठेवून उजेडाकडे धरा. फट दिसली तर जुन्या पट्टीच्याच रुंदीची ३ मिमी जाड पितळी पट्टी नवी कापून घ्यावी. वाकलेले पितळ ठोकून सरळ करत बसण्यात अर्थ नाही, ते पुन्हा वाकते.

खालच्या पट्टीवरच्या रबरी अस्तराचे गणित तारांच्या जाडीत आहे. नेहमीच्या संचात पहिली तार ०.०१६ इंच (०.४१ मिमी), सहावी ०.०५६ इंच (१.४२ मिमी). बार सपाट बसावा म्हणून नटवर तारांचे माथे एका पातळीत ठेवतात, साहजिकच तळांमध्ये १ मिमीचा फरक पडतो. म्हणून वरची दांडी कडक आणि सरळ, तर खाली मऊ अस्तर, ही मांडणी शहाणपणाची. जुने रबर कडक झाले की हा १ मिमी भरून निघत नाही, पातळ तारा सुटतात. वाजवणारा आणखी आवळतो आणि पट्टी वाकवतो.

अस्तर बदलताना जुने रबर प्लॅस्टिकच्या पात्याने खरवडा, उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. नवे निओप्रीन २ ते ३ मिमी जाड, कडकपणा शोअर ए या मापावर ६० च्या आसपास. दोन्ही पृष्ठांवर रबर सोल्यूशनचा पातळ थर देऊन १० ते १५ मिनिटे थांबावे, बोटाला चिकटेनासे झाले की दाबावे. झटपट चिकटणारा सुपरग्लू नको: तो ठिसूळ होतो आणि पुढच्या वेळी निघता निघत नाही.

वरच्या पितळी दांडीला जाड तारांच्या वेटोळ्यांनी खाचा पडतात. तार मग स्वच्छ कडेवरून न सुटता खाचेत घासते, सतारीच्या जव्हारीसारखा आवाज येतो. इथे तो नको असतो. दांडी गोल आणि स्क्रूने बसवलेली असेल तर ती थोडी फिरवली की कोरा भाग खाली येतो, बाकी काही करावे लागत नाही. चपटी असेल तर काचेवर ४००, मग ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासा. खाच ०.२ मिमीहून खोल असेल तर नवी दांडीच करावी. निकेलचा मुलामा सोलत असेल तर त्याच्या कडा तारा कापतात. तेवढा भाग पूर्ण उतरवून टाकावा.

सगळ्यात जास्त नुकसान आट्यांचे होते. जुन्या अमेरिकी कॅपोंत बहुधा ८-३२ किंवा १०-३२ (इंची मापाचे, एका इंचात ३२ आटे) स्क्रू असतात. आपल्याकडच्या दुकानात एम ४ (४ मिमीचा मेट्रिक स्क्रू) मिळतो, तो ८-३२ च्या भोकात वरवर जातो. पण त्याचा पिच (दोन आट्यांतले अंतर) ०.७ मिमी, ८-३२ चा ०.७९४. चार-पाच फेऱ्यांत पितळाचे आटे गेलेच म्हणून समजा. गेलेले ८-३२ भोक ४.२ मिमी ड्रिलने मोठे करून एम ५ टॅप (आटे पाडायचे हत्यार) मारावा. १०-३२ चे आटे अर्धवट गेले असतील तर ड्रिलही नको, एम ५ चा पिच ०.८ असल्याने टॅप जवळपास जुन्याच वाटेने जातो. स्क्रूला तेल नको, ते अस्तरात उतरून रबर फुगवते; मेणबत्तीचे मेण पुरते.

बसवताना वरच्या दांडीची घोडीकडची कड थेट फ्रेटच्या रेषेवर हवी. वाजत्या तारेची लांबी २५ इंच असलेल्या गिटारवर दुसऱ्या फ्रेटपाशी १ मिमीची चूक म्हणजे सुमारे ३ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक. सगळ्या तारा सारख्याच चढ्या आल्या तर स्क्रू जास्त आवळला आहे किंवा कॅपो घोडीकडे सरकला आहे. एका बाजूच्याच आल्या तर तो तिरपा बसला आहे.