तान्ह्या बाळाचे दूध व रात्रीची झोप

जन्मापासून साधारण सहा महिन्यांपर्यंत बाळ दिवसरात्रीत किती वेळा दूध मागते आणि त्या मागण्यांमध्ये किती झोपते, यांचा परस्परसंबंध. या विषयात बालवैद्यक, शरीरक्रियाविज्ञान, मानवशास्त्र आणि घरोघरची बाळंतपणाची रीत एकत्र येतात. येथे मुख्यतः पूर्ण दिवसांच्या, निरोगी व अंगावर पिणाऱ्या बाळाचा विचार केला आहे.

शरीरक्रिया : नवजात बाळ चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपते, पण ही झोप सलग नसते. प्रौढांत झोपेचे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचे असते, तर तान्ह्या बाळात ५० ते ६० मिनिटांचे. त्यातील जवळजवळ निम्मी झोप चंचल असते : मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे फिरतात, ओठ हलतात, श्वास अनियमित होतो. युजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये प्रौढांमधील अशा झोपेचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याआधी ॲसेरिन्स्की बाळांच्याच पापण्या व डोळे न्याहाळत होते. या चंचल झोपेत बाळ कुरकुरले की ते जागे झाले असे समजून त्याला उचलले जाते. थोडे थांबल्यास पुष्कळदा ते पुन्हा शांत होते.

‘बाळ रात्रीचा दिवस करते’ असे बाळंतिणीच्या खोलीत हमखास ऐकू येते, आणि ते अक्षरशः खरे आहे. गर्भात असताना दिवसरात्रीची लय आईकडून मिळते, जन्मानंतर ती तुटते. मेलॅटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकाचा स्वतःचा दैनिक चढउतार बाळात साधारण नवव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतो. तोवर रात्रीच्या अंगावरच्या दुधातून आईचे मेलॅटोनिन काही प्रमाणात त्याला मिळते. दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते, पावडरच्या दुधात नसतेच. या दुधाचा बाळाच्या झोपेवर नेमका किती परिणाम होतो याविषयी मतभेद असले, तरी रात्रीचे दूध आणि दिवसाचे दूध एकच नव्हे, एवढे निश्चित आहे.

पहिल्या काही आठवड्यांत दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजणे हे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. पश्चिम ऑस्ट्रेलियात एक ते सहा महिने वयाच्या ७१ बाळांना प्रत्येक पाजण्याच्या आधी व नंतर तोलून २००६ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, तो या विषयातील सर्वांत काटेकोर मोजमापांपैकी एक. त्यात बाळे दिवसरात्रीत सरासरी ११ वेळा पीत होती, सुमारे ६४ टक्के बाळे रात्री एक ते तीन वेळा पीत होती आणि दिवसरात्रीच्या एकूण दुधापैकी सुमारे पाचवा हिस्सा रात्रीचा होता. रात्रीचे पाजणे ही लागलेली सवय असून ती मोडायला हवी, असे म्हणणाऱ्यांना बाळाच्या पोटातला हा पाचवा हिस्सा दिवसा कोठून भरून काढायचा, हे सांगावे लागेल.

भुकेची खूण रडण्याच्या बरीच आधी दिसते. अंधारात बाळ मान एका अंगाला वळवते, तोंड उघडून दुपट्याची कड चाचपते, मूठ तोंडाशी नेते, चोखल्याचा बारीक आवाज करते. शेजारी झोपलेली आई याच टप्प्यावर कूस बदलते आणि बाळ पुरते जागे होण्याआधीच प्यायला लागते. रडणे ही शेवटची खूण. रडून लाल झालेल्या बाळाला आधी शांत करावे लागते, मगच ते धरते.

आईच्या बाजूनेही रात्रीला महत्त्व आहे. दूध निर्माण करणाऱ्या प्रोलॅक्टिनची रक्तातील पातळी रात्री जास्त असते. बाळंतपणानंतर पाळी न येण्याच्या काळात मिळणारे गर्भनिरोधक संरक्षणही रात्रीच्या पाजण्यावर अवलंबून असते. १९८८ च्या इटलीतील बेलाजिओ येथील तज्ज्ञ-बैठकीने पहिल्या सहा महिन्यांत केवळ अंगावरचे दूध आणि पाळी सुरू न होणे या अटींवर ते ९८ टक्क्यांच्या आसपास मानले. दिवसा चार व रात्री सहा तासांहून मोठा खंड पडू नये, असे पुढे व्यवहारात सांगितले जाऊ लागले.

‘रात्रभर झोपणे’ म्हणजे काय : या विषयातील बहुतेक वाद या व्याख्येपाशी येऊन अडतो. लंडनमधील १६० बाळांवरील मूर व उको यांच्या १९५७ च्या अभ्यासाने ‘मध्यरात्र ते पहाटे पाच’ एवढ्या अवधीत न उठणारे बाळ स्थिरावले असे धरले. या मापाने तीन महिन्यांपर्यंत ७० टक्के व सहा महिन्यांपर्यंत ८३ टक्के बाळे स्थिरावली, सुमारे दहा टक्के वर्षभरात कधीच स्थिरावली नाहीत. पुढे पालकांसाठीच्या लेखनात हे आकडे राहिले आणि पाच तासांची अट गळून पडली. मराठीत ‘रात्रभर’ म्हटले की दिवेलागणीनंतर निजलेले मूल उजाडेपर्यंत उठले नाही असा अर्थ होतो, तो या अभ्यासात कोठेही नाही. स्थिरावलेल्यांपैकी बरीच बाळे पुढे पुन्हा रात्री उठू लागली, ही त्याच अभ्यासातील नोंद तर क्वचितच सांगितली जाते.

कॅनडातील २०१८ च्या अभ्यासात सहा महिन्यांच्या ३८ टक्के बाळांना सलग सहा तास व ५७ टक्के बाळांना सलग आठ तास झोप नव्हती. बारा महिन्यांना हे प्रमाण अनुक्रमे २८ व ४३ टक्के होते. सलग न झोपणाऱ्या बाळांच्या वाढविकासात वा मातेच्या मनःस्थितीत त्यामुळे फरक आढळला नाही, मात्र अंगावर पाजण्याचे प्रमाण या गटात जास्त होते. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या अभ्यासाकडे अधिक कल आहे, कारण त्यात एकच रेघ न आखता दोन मापे लावून पाहिली आहेत.

वेळापत्रकाचा इतिहास : ठरलेल्या वेळी पाजावे व रात्री पाजू नये हा आग्रह आधुनिक यूरोपीय आहे. ब्रिटिश वैद्य विल्यम कॅडोगन यांनी १७४८ मध्ये मोजक्या वेळा पाजण्याचा सल्ला देताना रात्रीचे पाजणे अनावश्यक ठरवले. या विचाराला संस्थेचे बळ मिळाले ते न्यूझीलंडमधील डॉक्टर ट्रूबी किंग यांच्यामुळे. १९०७ मध्ये डनीडिन येथे सुरू झालेल्या प्लंकेट सोसायटी या माताबालसंगोपन संस्थेच्या परिचारिकांमार्फत दर चार तासांनी पाजणे व रात्री पूर्ण विश्रांती ही पद्धत ब्रिटिश साम्राज्यभर गेली. १९४२ मध्ये अमेरिकेत सिम्सेरियन व मॅकलेंडन यांनी एका बाळाला त्याच्या मागणीनुसार पाजून बारा आठवड्यांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून वैद्यकीय मत हळूहळू उलट फिरले. आज जागतिक आरोग्य संघटना मागणीनुसार, दिवसा व रात्रीही पाजण्याची शिफारस करते.

भारतीय वैद्यकपरंपरा : बालचिकित्सेचा स्वतंत्र ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. तिचे खंडित हस्तलिखित नेपाळमध्ये मिळाले व ती १९३८ मध्ये मुद्रित झाली. तिचा काळ वादग्रस्त आहे. ग्रंथातील परंपरेनुसार कश्यपाचा उपदेश वृद्धजीवकाने संक्षिप्त केला व पुढे वात्स्याने त्याचा प्रतिसंस्कार (पुनर्संपादन) केला. हा वृद्धजीवक म्हणजे बुद्धकालीन वैद्य जीवक असे मानणारे ग्रंथाला इसवी सनापूर्वी पाच-सहा शतके मागे नेतात. पण केवळ नामसाम्यावर ही ओळख टिकत नाही, आणि उपलब्ध पाठ इ. स. सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपास स्थिर झाला असावा, हे मत अधिक सावध वाटते. त्यातील वेदनाध्याय हा न बोलणाऱ्या बाळाचे दुखणे कसे ओळखावे याविषयी आहे : बाळ डोके फार हलवते, डोळे मिटते, कण्हते व झोपत नाही, तर डोके दुखत असावे. झोप न येण्याकडे येथे खोड म्हणून नव्हे, तर बाळाचे सांगणे म्हणून पाहिले आहे. सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात हलके व हितकर अन्न द्यावे असे म्हटले आहे. आजची मर्यादाही तीच.

झोपेसाठी दिले जाणारे पदार्थ : महाराष्ट्रात बाळगुटीतील हळकुंड, मुरडशेंग, वेखंड, सुंठ, हिरडा यांच्यासोबत जायफळ हे मुख्यतः झोपेसाठी उगाळले जाते. सहाणेवर दुधाचे दोन थेंब घेऊन प्रत्येक जिन्नसाचे किती वेढे द्यायचे, हे आजीच्या हाताला ठाऊक असते. जायफळाचा मात्र एखादाच वेढा, कारण जास्त झाल्यास बाळ सुस्तावते, हे तिलाही माहीत असते. गुटी हा शब्द संस्कृत गुटिकेवरून आलेला दिसतो. हिंदी घुट्टीशी त्याची सांगड घालून ‘घोटणे’शी संबंध जोडता येतो, पण पहिली व्युत्पत्ती सरळ आहे. पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध असावे या शिफारशीमुळे बालरोगतज्ज्ञ आज गुटीला विरोध करतात. गुटीत मध घालणे तर निश्चितच टाळावे, कारण वर्षाखालील बाळाला त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

गुटीपासून वेगळी आणि फार गंभीर गोष्ट म्हणजे मुंबईच्या गिरणगावातील बाळागोळी. या गोळीत अफू असे. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. फ्लोरेन्स बार्न्स यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीस कामकरी स्त्रियांच्या पाहणीत शंभरातील ९८ बाळांना अफू दिली जाते असे नोंदवले. हा आकडा अचूक मानला नाही, तरी प्रथा सर्रास होती यात शंका नाही. भोंगा झाला की आई खात्यात जाणार, बाळ चाळीतल्या खोलीत, आणि रात्री पुन्हा सकाळच्या पाळीसाठी आईला झोप हवी. गुंगीतले बाळ दूध मागत नाही, म्हणून वाढतही नाही. हा दोष आयांच्या अज्ञानाचा म्हणून सांगितला गेला, पण पाजायला सवड न देणाऱ्या कामाच्या तासांचा वाटा त्यात मोठा होता. १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने काही आठवड्यांचा आधार मिळाला, तो कारखान्यांपुरता.

पोट भरलेले असले की बाळ जास्त झोपते, या समजुतीने खीर किंवा पेज लवकर सुरू केली जाते. १९८९ मध्ये अमेरिकेत १०६ बाळांना पाच आठवड्यांपासून किंवा चार महिन्यांपासून रात्री धान्याची पेज देऊन पाहिले असता झोपेत फरक पडला नाही. ब्रिटनमधील २०१८ च्या मोठ्या अभ्यासात तीन महिन्यांपासून अन्न सुरू केलेली बाळे सहाव्या महिन्यात रात्री सुमारे १७ मिनिटे जास्त झोपली. फरक खरा आहे, पण सतरा मिनिटांचा.

झोपण्याची जागा : आईच्या कुशीत झोपणारे बाळ रात्री अधिक वेळा पिते, हे अमेरिकी मानवशास्त्रज्ञ जेम्स मकेना यांच्या निद्रा-प्रयोगशाळेतील निरीक्षणांतून दिसले. दुसरीकडे, अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्था बाळाला पहिले सहा महिने तरी त्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर निजवण्यास सांगते. आईवडिलांपैकी कोणी धूम्रपान किंवा मद्यपान करीत असेल, गुंगीची औषधे घेत असेल, बाळ कमी दिवसांचे असेल किंवा सोफ्यावर झोपायचे असेल, तर एकत्र झोपू नये यावर सर्वांचे एकमत आहे. बाळाला नेहमी पाठीवर निजवावे. साडीच्या झोळीत बाळ लवकर झोपते, पण तिच्यात हनुवटी छातीला टेकून श्वासाला अडथळा होऊ शकतो, म्हणून गाढ झोपल्यावर त्याला सपाट अंथरुणावर काढून ठेवावे.

बाळ जन्मवजन पुन्हा गाठेपर्यंत, म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस, तीन-चार तासांहून जास्त झोपल्यास त्याला उठवून पाजावे लागते. कावीळ झालेले बाळ पुष्कळदा सुस्त असते व दूध मागत नाही. अशा बाळाच्या शांत रात्री समाधानाच्या नसतात, त्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.