क्लास फाइल ठेवायची कुठे? वेब-इन्फपर्यंतचा आणि पुढचा प्रवास

सर्व्हलेट म्हणजे वेब सर्व्हरवर चालणारा जावा प्रोग्रॅम, आणि क्लास फाइल म्हणजे त्याचा कंपाइल झालेला कोड. सुरुवातीच्या काळात ती कुठे ठेवायची याची प्रत्येक सर्व्हरची रीत निराळी होती. १९९९ च्या सर्व्हलेट २.२ या प्रमाण नियमावलीने प्रत्येक वेब अ‍ॅप्लिकेशनच्या आत ‘वेब-इन्फ/क्लासेस’ आणि ‘वेब-इन्फ/लिब’ ही घरं नेमून दिली: सुट्या क्लास फाइल पहिल्यात, जार (क्लास फाइलींचे गठ्ठे) दुसऱ्यात.

खरा घोळ झाला तो ‘क्लासपाथ’ या शब्दाने, म्हणजे क्लास कुठे कुठे शोधायचे त्या जागांच्या यादीने. २००५ च्या सुमारास लातूर-नांदेडच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये हे रोजचंच होतं. लाइट जायच्या आत प्रॅक्टिकल उरकायचं म्हणून मुलं विंडोजच्या क्लासपाथमध्ये सर्व्हलेटची जार आणि स्वतःचं फोल्डर, दोन्ही टाकत. कंपाइल बिनतक्रार व्हायचं आणि ब्राउझरमध्ये मात्र ‘क्लास सापडला नाही’. कारण टॉमकॅट हा सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर सुरू करणाऱ्या स्क्रिप्ट मशीनचा क्लासपाथ जुमानतच नाहीत. तो कंपायलरसाठी, सर्व्हरसाठी नव्हे. हा फरक फळ्यावर लिहून द्यायला हवा होता.

मग कुणीतरी सोपी वाट सांगे: ‘कॉमन/क्लासेस’मध्ये टाक, सगळीकडे चालतं. टॉमकॅट ४.१ आणि ५ मध्ये ‘कॉमन’ आणि ‘शेअर्ड’ अशी सामायिक फोल्डरं होतीच. जागा वाचते, एकच प्रत सांभाळावी लागते, ही त्या बाजूची मांडणी. डेटाबेसचा ड्रायव्हर सर्व्हरच्याच कनेक्शन पूलला (डेटाबेसशी तयार जोडण्यांच्या साठ्याला) लागतो, तेव्हा ती बरोबरही आहे. पण स्वतः लिहिलेले क्लास तिथे ठेवणं चूकच. एका अ‍ॅप्लिकेशनसाठी केलेला बदल शेजारच्यालाही लागतो. स्टॅटिक व्हेरिएबल (पूर्ण क्लासला मिळून असलेलं) सगळ्या अ‍ॅप्लिकेशन्समध्ये एकच राहतं. नुसतं अ‍ॅप्लिकेशन रीलोड करून भागत नाही, अख्खा टॉमकॅट बंद करावा लागतो. शिवाय तोच क्लास वेब-इन्फमध्येही राहिला, तर दोन क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारे भाग) त्याच्या दोन वेगळ्या प्रती उचलतात आणि एकाच नावाचे दोन क्लास एकमेकांना ओळखत नाहीत. ‘क्लासकास्टएक्सेप्शन’ ही प्रकार न जुळल्याची चूक येते आणि कोड कितीही वाचला तरी त्यात चूक सापडत नाही.

टॉमकॅट ६ ने ती विभागणी मोडून एकच ‘लिब’ ठेवलं. हा निर्णय आधीच व्हायला हवा होता. आता मेव्हन हे बांधणीचं साधन ‘टार्गेट/क्लासेस’मधला माल आपोआप वॉरमध्ये, म्हणजे वेब अ‍ॅप्लिकेशनच्या गठ्ठ्यात, भरतं. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कने १.४ पासून, म्हणजे २०१६ मध्ये, थेट चालवता येणाऱ्या जारसाठी ‘बूट-इन्फ/क्लासेस’ आणलं. टॉमकॅट १० मध्ये सर्व्हलेटची पॅकेजं ‘जावाएक्स’ची ‘जकार्ता’ झाली, जुने क्लास नव्या नावांनुसार बदलून घ्यावे लागले. वॉर उघडली की ते मात्र आजही वेब-इन्फ/क्लासेसमध्येच दिसतात.