मुक्या चिपांचा पत्ता

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आता इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांत सर्रास दिसतो. त्याच्या मुख्य चिपच्या पोटात पीएल०११ नावाचा एक छोटासा भाग असतो. तारेवरून एकेक अक्षर बाहेर सोडायचं आणि बाहेरून आलेलं आत घ्यायचं, एवढंच त्याचं काम. पहिल्या पायमध्ये हा भाग २०२०१००० या पत्त्यावर राहायचा. तिसऱ्या पायमध्ये तो ३एफ२०१००० वर गेला आणि चौथ्यात एफई२०१००० वर. (हे आकडे सोळाच्या पटीत मोजतात, म्हणून नवाच्या पुढे ए ते एफ ही अक्षरं येतात.) भाग तोच, बिऱ्हाड मात्र बदलत गेलं. लिनक्समधला त्याचा ड्रायव्हर या तिन्ही पायांवर एकच चालतो, आणि तो उघडून वाचला तर यातला एकही पत्ता त्यात सापडत नाही.

पत्ता तिथून निघावा म्हणून जगभरच्या शेकडो प्रोग्रामरांनी वर्षानुवर्षं कोड उचलून दुसरीकडे ठेवण्याचं काम केलं आहे. या कामातून वापरणाऱ्याला नवं काहीच दिसत नाही, म्हणून त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मला मात्र ते गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या सगळ्यात शहाण्या कामांपैकी एक वाटतं.

आधी थोडी ओळख. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसरवर पुढचा नंबर कुणाचा, हे तो ठरवतो. आणि कीबोर्ड, डिस्क, कॅमेरा, नेटवर्क कार्ड अशा प्रत्येक उपकरणाशी त्याच्या भाषेत बोलणारा कर्नलमधला तुकडा म्हणजे ड्रायव्हर. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी खुला केलेला पहिला लिनक्स कर्नल दहा हजार ओळींच्या आसपास होता. आज तो तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग ड्रायव्हरांचा आहे. म्हणजे ड्रायव्हरांची घडी विस्कटली की कर्नलचीच विस्कटली.

टेबलावरच्या संगणकात हा प्रश्न फारसा टोचत नाही. तिथे नवं कार्ड खोचलं की कर्नल त्याला विचारू शकतो, बाबा रे, तू कोण? पीसीआय पद्धतीच्या प्रत्येक कार्डाला दोन आकडे सांगावेच लागतात, एक कंपनीचा आणि एक उपकरणाचा. इंटेलचा आकडा ८०८६ आहे, तिच्या गाजलेल्या प्रोसेसरच्या नावाचाच. यूएसबीवर जोडलेला माऊससुद्धा अशीच स्वतःची ओळख देतो. आकडे मिळाले की कर्नल आपल्या यादीतून योग्य ड्रायव्हर काढून कामाला लावतो.

मोबाइलच्या किंवा पायच्या चिपमध्ये असं विचारता येत नाही. सिरियल पोर्ट (पीएल०११ हा त्यातलाच), टायमर, कॅमेऱ्याचा दुवा, एसडी कार्डाचा दुवा हे सगळं एकाच चिपमध्ये बसवलेलं असतं आणि त्यातले बहुतेक भाग मुके असतात. ते अमुक पत्त्यावर आहेत हे आधीपासून ठाऊक असेल तरच त्यांच्याशी बोलता येतं. चुकीच्या पत्त्यावर हाक मारली तर ‘इथे कुणी राहत नाही’ असं सांगायला कुणी नसतं. अनेकदा मशीन तिथेच गोठतं आणि पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही. हा अनुभव मी घेतला आहे. कर्नलला दिलेल्या वर्णनातल्या पत्त्याचा एक आकडा चुकला होता आणि अख्खी दुपार मी केबल तपासत बसलो होतो.

मग पूर्वी हे पत्ते कुठे ठेवायचे? थेट कोडमध्ये. मोबाइलमध्ये आणि पायमध्ये असतात त्या आर्म जातीच्या प्रोसेसरच्या प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्ये एक वेगळी फाइल असायची, तिला बोर्ड फाइल म्हणत. या बोर्डावर सिरियल पोर्ट अमक्या पत्त्यावर, एसडी कार्डाची पिन तमकी, बॅटरीची चिप या तारेवर, असा सगळा तपशील सी भाषेच्या कोडमध्ये लिहिलेला. नवा फोन आला, नवी फाइल. त्याच फोनची थोडी बदललेली आवृत्ती आली, आणखी एक फाइल. आर्मच्या बाजूची देखभाल करणारे रसेल किंग बोर्डांना क्रमांक देत, आणि त्या नोंदवहीत क्रमांक हजारांच्या घरात गेले होते.

वायरमनचं उदाहरण घ्या. पंखा कसा बसवायचा हे त्याला येतं. कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, कुठल्या खोलीत बसवायचा, हे त्याला चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. बोर्ड फाइलींच्या काळात चिठ्ठी नव्हती. प्रत्येक फ्लॅटसाठी वेगळा वायरमन तयार केला जात होता आणि त्या फ्लॅटचा पत्ता त्याच्याकडून पाठ करून घेतला जात होता.

त्यात आणखी एक गुंता होता. चिप बनवणाऱ्या कंपन्या सगळेच भाग स्वतः घडवत नाहीत. सिरियल पोर्ट, आयटूसी (छोट्या चिपांशी दोन तारांवरून बोलणारा भाग), यूएसबी अशा भागांची तयार डिझाइन्स त्या आर्म किंवा सिनॉप्सिससारख्या कंपन्यांकडून विकत घेतात. म्हणजे चार कंपन्यांच्या चार चिपांमध्ये एकच भाग बसलेला असू शकतो. पण प्रत्येक कंपनीचे इंजिनिअर आपापल्या फोल्डरमध्ये काम करत असल्यामुळे त्याच भागाचे वेगवेगळे ड्रायव्हर लिहिले जात. एका ड्रायव्हरमधली चूक सापडली तरी दुरुस्ती दुसऱ्याकडे पोचायची नाही, कारण तिकडे तोच भाग आहे हेच कुणाच्या लक्षात आलेलं नसायचं. चिप बाजारात आणायची घाई मला समजते. तरीही हे वाया गेलेले श्रम पाहिले की हळहळ वाटते.

मार्च २०११ मध्ये, लिनक्सच्या २.६.३९ या आवृत्तीसाठी बदल गोळा होत असताना, टोरवाल्ड्स यांचा संयम सुटला. आर्मच्या फोल्डरांमध्ये येणारा कोड नुसता आकाराने वाढतोय, एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतोय आणि कुणी तो आवरत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी ती जाहीरपणे आणि चांगल्याच कडक शब्दांत मांडली. त्यानंतर काही महिन्यांतच आर्नड बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्या आर्म चिपांचे बदल एका जागी तपासून मगच पुढे पाठवण्याची व्यवस्था उभी केली.

चिठ्ठीची कल्पना नवी नव्हती. सन मायक्रोसिस्टीम्सच्या संगणकांत ती आधीपासून होती, १९९४ साली ओपन फर्मवेअर या नावाने तिचं मानक झालं, आणि ॲपलच्या पॉवरपीसी मॅकमध्येही ती वापरात होती. तिला म्हणतात डिव्हाइस ट्री, उपकरणांचा वृक्ष. लिनक्सने ती पॉवरपीसीसाठी स्वीकारली होतीच. ग्रँट लाइकली आणि इतरांनी ती आर्मवर आणली. बोर्डाचं वर्णन साध्या मजकुरात लिहायचं, त्याची एक छोटी बायनरी फाइल बनवायची, आणि संगणक सुरू करणाऱ्या बूटलोडरने ती कर्नलच्या हाती द्यायची. वर्णनाची एक नोंद मराठीत सांगायची तर अशी होते: ‘इथे एक सिरियल पोर्ट आहे, जात आर्म पीएल०११, पत्ता एफई२०१०००, इंटरप्ट अमुक, घड्याळ तमुक.’ ड्रायव्हरकडे फक्त जातीचं नाव असतं. नाव जुळलं की तो चिठ्ठीतला पत्ता वाचतो आणि कामाला लागतो.

पण चिठ्ठी लिहिली म्हणजे काम झालं, असं नव्हतं. खरं जड काम होतं जुन्या फोल्डरांतून कोड बाहेर काढण्याचं. घड्याळांचंच बघा. चिपमधल्या प्रत्येक भागाला ठेका धरायला एक घड्याळ लागतं, आणि वीज वाचवण्यासाठी ते सतत चालू-बंद करावं लागतं. प्रत्येक कंपनीच्या फोल्डरमध्ये घड्याळ चालू करणारं एक फंक्शन होतं आणि त्या सगळ्यांचं नाव एकच होतं. आतला कोड मात्र प्रत्येकाचा निराळा. एका प्रोग्राममध्ये एकाच नावाची दोन फंक्शनं राहू शकत नाहीत. त्यामुळे एका कंपनीच्या चिपसाठी तयार केलेल्या कर्नलमध्ये दुसऱ्या कंपनीची चिप बसवणं शक्यच नव्हतं. २०१२ सालच्या ३.४ या आवृत्तीत माइक टर्क्वेट यांनी सगळ्यांसाठी समाईक चौकट आणली आणि मग एकेका कंपनीचा घड्याळाचा कोड ड्रायव्हरांच्या फोल्डरमध्ये जाऊ लागला. पिनांची व्यवस्था लिनस वाली यांच्या चौकटीत गेली. इंटरप्टचे, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला मारलेली हाक पोचवणारे, ड्रायव्हर त्यांच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये गेले.

फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली, त्यात काय बिघडणार? बरंच काही. कर्नल सुरू होताना ड्रायव्हर एकामागून एक उठतात, आणि एकाच पायरीवरच्या ड्रायव्हरांचा क्रम ठरतो तो त्यांच्या फाइली कुठल्या क्रमाने एकत्र जोडल्या गेल्या यावरून. फोल्डर बदललं की हा क्रम बदलू शकतो. कालपर्यंत विजेचा पुरवठा सांभाळणारा ड्रायव्हर आधी उठत होता, आज एसडी कार्डाचा आधी उठला, आणि त्याला वीजच मिळेना. कोडची एक ओळही न बदलता मशीन बंद.

यावरचा उपाय मला फार आवडतो. ३.४ मध्येच लाइकली यांनी ड्रायव्हरला ‘अजून माझी तयारी नाही, पुन्हा बोलवा’ असं सांगायची सोय दिली. हे सांगण्यासाठी एक क्रमांक आहे, ५१७. ड्रायव्हर उठतो, आपलं घड्याळ, आपली वीज मागतो, देणारा अजून जागा झालेला नसेल तर ५१७ म्हणून परत जातो. कर्नल त्याला रांगेत ठेवतो. दुसरं कुणी यशस्वीपणे उभं राहिलं की रांगेतल्यांना पुन्हा संधी मिळते. क्रम हाताने लिहायची गरजच संपली, आणि फायली हलवताना वाटणारी धाकधूकही बरीच कमी झाली.

हलवण्याची एक शिस्तही आहे आणि ती काटेकोर पाळली जाते. एका बदलात फक्त हलवायचं, सुधारणा करायचीच नाही. सुधारणा पुढच्या बदलात. कारण कर्नलचा इतिहास ज्या गिटमध्ये राहतो, ते गिट ‘ही फाइल हलवली’ अशी नोंद कुठे ठेवत नाही. दोन फाइलींमधला मजकूर किती सारखा आहे ते पाहून ते अंदाज बांधतं. निम्म्यापेक्षा कमी साम्य उरलं की सहसा जुनी फाइल गेली आणि नवीच कुठली आली, असं ते समजतं, आणि एखादी ओळ कुणी, का लिहिली याचा माग तिथेच तुटतो. शिवाय प्रत्येक बदल एकटा लावला तरी कर्नल बनलाही पाहिजे आणि सुरूही झाला पाहिजे. नाहीतर पुढे दोष कुठल्या बदलाने आला हे शोधणारा माणूस मध्येच अडकून पडतो.

हे किती बारकाईने करावं लागतं, त्याचं एक उदाहरण आर्मच्या बाहेरचं आहे. २०११ मध्ये इंटेलच्या जेफ कर्शर यांनी एकाच फोल्डरमध्ये गर्दी करून बसलेले इथरनेटचे, म्हणजे तारेच्या नेटवर्कचे, ड्रायव्हर कंपनीवार लावले. हा बदल ३.२ आवृत्तीत आला. कर्नल बनवताना त्यात काय काय हवं ते प्रश्नांची उत्तरं देऊन निवडायचं असतं, आणि ती उत्तरं एका फाइलीत राहतात. ड्रायव्हर असे लावताना प्रत्येक कंपनीसाठी एक नवा प्रश्न तयार झाला: ‘इंटेलची कार्डं हवीत का?’ होकार दिला तरच त्याखालचे ड्रायव्हर निवडता येतात. आता जुन्या वापरकर्त्याच्या उत्तरांच्या फाइलीत इंटेलच्या अमक्या कार्डाला ‘हो’ लिहिलेलं आहे, पण हा वरचा नवा प्रश्न तिला ठाऊकच नाही. न दिलेल्या उत्तराचा अर्थ ‘नाही’ असा धरला असता, तर खालचं ‘हो’ गुपचूप गळून पडलं असतं, आणि नवा कर्नल टाकून सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर नेटवर्कच नाहीसं झालं असतं, तेही कदाचित दुसऱ्या शहरातल्या, जिथे पोचायचा एकमेव मार्ग नेटवर्क आहे अशा सर्व्हरवर. म्हणून त्या सगळ्या प्रश्नांचं न दिलेलं उत्तर ‘हो’ ठेवलं गेलं. एका अक्षराचा निर्णय, पण त्यामागे समोरच्या माणसाचा केवढा विचार आहे!

डिसेंबर २०१२ मध्ये ३.७ आवृत्ती आली. एकच आर्म कर्नल निरनिराळ्या कंपन्यांच्या चिपांवर सुरू करण्याची सोय तिच्यात पहिल्यांदा मिळाली. त्याच आवृत्तीत ६४ बिटांच्या आर्मचा आधार आला आणि त्यात बोर्ड फाइलींना सुरुवातीपासूनच जागा दिली नाही. जुन्या ३२ बिटांच्या बाजूला मात्र त्या बरीच वर्षं रेंगाळल्या. कुणी वापरतंय का, हे जाहीरपणे विचारून, वाट पाहून, २०२३ च्या ६.३ आवृत्तीत त्यांतला मोठा गठ्ठा काढला गेला. एका झटक्यात लाखाहून अधिक ओळी कमी झाल्या.

चिठ्ठी कोडपासून वेगळी झाली की तिची एक नवी जबाबदारी येते. ती आता कर्नलबरोबर बदलत नाही. २०१५ साली एखाद्या यंत्रात भरलेली चिठ्ठी आजच्या कर्नललाही वाचता आली पाहिजे, कारण ते यंत्र एखाद्या कारखान्याच्या भिंतीवर असेल आणि त्याची चिठ्ठी बदलायला कुणी जाणार नाही. म्हणून चिठ्ठीत कुठला शब्द वापरायचा यावर देखभाल करणारे आठवडेच्या आठवडे चर्चा करतात. बाहेरून बघणाऱ्याला ते शब्दांचे कीस पाडणं वाटतं. पण एकदा स्वीकारलेला शब्द मागे घेता येत नाही, हे त्यांना माहीत असतं.

चौथ्या पायच्या वर्णनात आयटूसीची नोंद आहे, तिथे ही काळजी डोळ्यांनी दिसते. जातीच्या जागी एक नाही, दोन नावं लिहिलेली आहेत. आधी त्याच्या स्वतःच्या चिपचं, बीसीएम२७११चं. त्याच्या मागे पहिल्या पायच्या चिपचं, बीसीएम२८३५चं. कर्नल पहिल्या नावाचा ड्रायव्हर शोधतो. तो नसेल तर दुसऱ्या नावाला ओ देणारा, कितीतरी आधी लिहिलेला ड्रायव्हर पुढे येतो, चिठ्ठीवरचा नवा पत्ता वाचतो आणि काम सुरू करतो.