चीनमध्ये धर्म मोजायचा, तर प्रश्न काय विचारायचा?

चीनबद्दल बोलणं निघालं की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, तिथे सगळे नास्तिक. दोन, तिथे ख्रिस्ती धर्म वणव्यासारखा पसरतोय. दुसऱ्या वाक्यामागे समाजशास्त्रज्ञ फेंगगांग यांग यांचं २०१४चं भाकीत आहे: २०३०पर्यंत जगातले सर्वाधिक ख्रिस्ती चीनमध्ये असतील. पुढे २०२३मध्ये प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने चीनमधल्या पाहण्या एकत्र तपासल्या, तेव्हा २०१०नंतर तशी वाढ झाल्याचा पुरावा मिळाला नाही. पण मला त्या आकड्यांत दुसरंच काही तरी दिसलं, आणि ते फार सुंदर आहे.

२०१८च्या एका पाहणीत सरळ धर्म विचारला. जेमतेम १० टक्के प्रौढांनी कुठला तरी धर्म सांगितला. बौद्ध ४ टक्के, ख्रिस्ती सुमारे २. त्याच वर्षी दुसऱ्या पाहणीने क्रियापद बदललं: तुम्ही कोणाला मानता? उत्तरं कितीही द्या. आता बुद्धाला किंवा बोधिसत्त्वांना मानणारे ३३ टक्के निघाले, ताओ या जुन्या चिनी धर्माच्या देवतांना मानणारे १८, येशूला किंवा 'त्यानचू'ला, म्हणजे कॅथलिकांच्या 'स्वर्गाच्या स्वामी'ला मानणारे ७. वर्षातून एकदा तरी घरच्यांच्या थडग्यावर जाणारे तर ७५ टक्के. देश तोच, वर्ष तेच.

याचं मूळ शब्दात आहे. 'धर्म' या अर्थाचा चिनी शब्द त्सुंगच्याओ. त्सुंग म्हणजे कुळ, परंपरा. च्याओ म्हणजे शिकवण. पाश्चात्त्यांच्या 'रिलिजन'साठी एकोणिसाव्या शतकात जपान्यांनी तो रूढ केला आणि तिथून तो चीनमध्ये आला. त्यामुळे तो ऐकला की संघटना, सभासदत्व, दीक्षा हेच डोळ्यांपुढे येतं. सरकारमान्य त्सुंगच्याओ पाचच: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. हो, शेवटचे दोन तिथे वेगळे धर्म धरतात. नातवाच्या परीक्षेआधी देवळात उदबत्त्या लावून येणारी आजी यांतल्या कशाचीच सभासद नसते. तिला धर्म विचारला तर ती 'नाही' म्हणते, आणि ते खरंच असतं.

कोणी म्हणेल, लोक घाबरून लपवत असतील. भीती आहेच. कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदाला धर्म पाळायची मुभा नाही, नोंदणी नसलेल्या चर्चवर कारवाई होते. पण सगळा फरक भीतीचाच असता, तर ख्रिश्चनांत तो सर्वाधिक दिसायला हवा. बुद्धाला मानणारे स्वतःला बौद्ध म्हणवणाऱ्यांच्या आठपट आहेत, येशूला मानणारे ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांच्या साडेतीनपट. दोन निराळ्या पाहण्यांचे पूर्णांकात आणलेले आकडे आहेत, दशांशावर जाऊ नका. दिशा मात्र स्पष्ट आहे. येशूला मानणं आणि ख्रिस्ती म्हणवणं यांतलं अंतर कमी आहे, कारण इथे बाप्तिस्मा आहे, रविवार आहे, 'एकच देव' ही अट आहे. तरीही त्या ७ टक्क्यांतले बरेचजण बुद्धाला किंवा ताओ देवतांनाही मानतात!

ही अटच सामान्य चिनी माणसाला पूर्वी खुपली. १७१५मध्ये पोपने ख्रिस्ती झालेल्यांना पूर्वजपूजेची बंदी केली. ते वाचून सम्राट कांगशीने १७२१मध्ये धर्मप्रसारावरच बंदीचा हुकूम काढला. 'एक ख्रिस्ती वाढला की एक चिनी घटला' अशी म्हणच पडली. यांगच्याओ, म्हणजे समुद्रापलीकडचा धर्म, हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. रोमने ती बंदी सैल केली १९३९मध्ये. आज शहरी तरुणांत तो कडवटपणा क्वचितच दिसतो. नाताळच्या आदल्या रात्रीला चिनीत फिंगआन-ये, शांतीची रात्र, म्हणतात; सफरचंद म्हणजे फिंगक्वो. एवढ्या उच्चारसाम्यावर त्या रात्री रंगीत कागदात गुंडाळलेली सफरचंदं भेट दिली जातात. बायबलमध्ये याला काही आधार नाही.

जाता जाता: ४७ टक्के चिनी प्रौढ फेंगशुई, म्हणजे चिनी वास्तुविद्या, मानतात म्हणून ती खरी ठरत नाही. पुण्या-मुंबईतल्या दुकानांत पैसे खेचणारा म्हणून विकला जाणारा तीन पायांचा बेडूक पैसे खेचतो ते फक्त दुकानदाराकडे. लोक काय मानतात हे मोजता येतं. मानल्याने ते सिद्ध होत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग हा पूर्वजांचा सण येतो. थडगी झाडतात, फळं ठेवतात, पूर्वजांसाठी कागदी नोटा जाळतात. अनेक प्रोटेस्टंट कुटुंबंही त्या दिवशी जातात. नोटा जाळत नाहीत, फुलं ठेवतात. थडग्यावर जाणाऱ्या त्या ७५ टक्क्यांत तीही धरलेली आहेत.